खारवलेले मांस आणि धुराचा प्रश्न

जालना जिल्ह्यातील एखाद्या गृहस्थाने डुकराचे मांस मिठात मुरवून, त्यास घरच्या घरी धूर देऊन, त्यापासून वेस्ट इंडीज बेटांच्या धर्तीचे कालवण सिद्ध करण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर ऐकणाऱ्यास तो प्रथमदर्शनी निव्वळ विक्षिप्तपणाच वाटेल. परंतु मीठ नेमके काय करते, धूर नेमके काय करतो, या मुलखाने मांस टिकविण्याची कोणती तऱ्हा पत्करली व कोणती पत्करली नाही, आणि त्या दूरच्या बेटांचे पाकशास्त्र आपल्या धान्याच्या कोठारास कोठे येऊन मिळते, हे जे चार प्रश्न या मनोदयाच्या पोटात दडलेले आहेत, ते विक्षिप्त नसून मानवी उपजीविकेच्या इतिहासाशी निगडित आहेत; त्यांचा एकत्र आढावा घेतल्यावाचून पाककृतीचा तपशील सांगणे म्हणजे कागदपत्र न पाहता निकाल देण्यासारखे होईल.

प्रथम मिठाचा विचार करू. मांस नासते ते त्यातील पाण्यामुळे. कारण ज्या सूक्ष्म जंतूंच्या व्यापाराला आपण कुजणे म्हणतो, त्यांना मोकळे पाणी लागते. मीठ हे पाणी काही अंशी बाहेर ओढून काढते आणि जे आत राहते ते जंतूंच्या उपयोगी पडू देत नाही. मात्र हे कार्य मिठाच्या प्रमाणावर सर्वस्वी अवलंबून आहे. शेकडा अडीच-तीन मीठ चवीला पुरते, पण तेवढ्याने मांस उष्ण हवेत महिनोन्‌महिने टिकत नाही. जहाजांच्या पिपांत जे मांस वर्षभर राही ते संपृक्त खारट पाण्यात बुडविलेले असे आणि शिजविण्यापूर्वी रात्रभर भिजवून, एकदोन पाणी उकळून टाकल्याखेरीज ते तोंडात घालवत नसे. मिठाच्या जोडीला युरोपात शोरा वापरण्याचा शिरस्ता होता. कंपनी सरकारची जहाजे बिहारातून जो शोरा भरभरून नेत, तो मुख्यत्वे बंदुकीच्या दारूसाठी असला, तरी त्याच द्रव्याने मांसास गुलाबी रंग येई आणि बंद, प्राणवायूरहित जागी वाढणाऱ्या बॉट्युलिनम नावाच्या अतिविषारी जंतूला आळा बसे. शोऱ्याचे मांसात नायट्राइट होते व खरे काम ते नायट्राइट करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्राने दाखवून दिले; तेव्हापासून अंदाजाने चिमूटभर शोरा टाकण्याऐवजी मोजलेले नायट्राइट मिश्रित मीठ वापरण्याची पद्धत रूढ झाली.

आता धूर. लाकूड मंद जळताना त्यातून फिनॉल, अल्डिहाइड व आम्लवर्गीय द्रव्ये बाहेर पडतात. ती मांसाच्या पृष्ठभागावर बसून जंतूंना प्रतिकूल थर निर्माण करतात, चरबीस खवट होऊ देत नाहीत आणि माश्यांना दूर ठेवतात. परंतु हा सर्व प्रभाव वरच्या पातळ थरापुरता असतो. मांसाच्या गाभ्यापर्यंत धूर पोहोचत नाही. धुराखाली टांगलेले मांस टिकते याचे मोठे श्रेय धुराबरोबर येणाऱ्या उष्णतेने होणाऱ्या वाळवणीस आणि आधी लावलेल्या मिठास द्यावयास हवे. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे एक नियम सहज हाती लागतो. ज्या मुलखात हवा दमट असल्यामुळे ऊन मांस वाळवू शकत नाही, तेथे धूर हा संरक्षणाचा अपरिहार्य भाग बनतो. ज्या मुलखात हवा कोरडी आहे तेथे ऊनच ते काम फुकट करून देते आणि धूर केवळ स्वादापुरता उरतो.

या नियमाचे दाखले आपल्या देशात विपुल आहेत. नागालँडातील घरांत चुलीवर टांगलेल्या मांचीवर डुकराचे मांस आठवडेच्या आठवडे धुरात राहते. कोडगूच्या पावसाळी डोंगरांतही चुलीवरच्या धुरात मांस सुकविण्याची चाल जुनी आहे. मराठी वाचकाला अधिक परिचयाचे उदाहरण गोमंतकाचे. इसवी सन १५१० मध्ये पोर्तुगीज अंमल बसल्यानंतर तेथील ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसाचा जो संस्कार रुजला, त्याचे प्रौढ रूप म्हणजे गोव्याचे शोरीस. मांसाचे बारीक तुकडे आधी मिठात ठेवून त्यांचे पाणी काढावयाचे, मग लाल मिरची, लसूण, हळद, मिरे इत्यादी मसाला माडाच्या व्हिनेगरात वाटून त्यात ते मुरवावयाचे, आतड्यात भरून माळेसारख्या गाठी बांधावयाच्या, आणि त्या माळा प्रथम उन्हात व नंतर चुलीच्या धुरावर टांगावयाच्या. येथे मीठ, आम्ल, ऊन आणि धूर अशा चार पहारेकऱ्यांचा बंदोबस्त एकाच पदार्थावर बसविला आहे, आणि त्याचे कारण गोव्याच्या पावसात आहे. वैशाखाच्या अखेरीस तेथे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, जी खरेदी होते, तीत खारवलेल्या मासळीच्या शेजारी या माळाही लटकत असतात. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे इंदियाल याच कुळातले, पण त्यात व्हिनेगराचा भर अधिक आणि धुराला स्थान नाही. ते साठवणीपेक्षा सणासुदीचे अन्न आहे.

कॅरिबियन बेटांचा दाखला याहून गुंतागुंतीचा आहे. तेथे मांस टिकविण्याचे दोन प्रवाह मिळाले. एक प्रवाह देशज होता: लाकडी जाळीवर मंद धुरात मांस वाळविण्याची मूळ रहिवाशांची रीत हिस्पॅनिओला बेटावरील युरोपीय शिकाऱ्यांनी उचलली, आणि जमैकाच्या डोंगरांत आश्रय घेतलेल्या, गुलामगिरीतून निसटलेल्या मरून लोकांनी रानडुकराचे मांस मसाल्यांत मुरवून ऑलस्पाइसच्या लाकडावर भाजण्याची पद्धत विकसित केली. दुसरा प्रवाह समुद्रमार्गे पिपांतून आला. साखरेचे मळे जमिनीचा कणन्‌कण उसाखाली घेत असल्यामुळे मळेवाल्यांना अन्न बाहेरून आणावे लागे; आयर्लंडातील कॉर्क बंदरातून खारवलेल्या मांसाची पिपे आणि उत्तर अटलांटिकमधून खारवलेली मासळी अठराव्या शतकात त्या बेटांवर अखंड येत राहिली, आणि त्यांतील हलक्या प्रतीचा माल राबणाऱ्यांच्या वाट्यास आला. ज्यांच्यावर हे अन्न लादले गेले त्यांनीच त्यातून स्वतःचे पाकशास्त्र उभारले. डुकराची खारवलेली शेपटी ही आज तेथील कालवणांचा प्राण आहे: जमैकात राजम्याच्या रस्स्यात, त्रिनिदादमध्ये अळूच्या पानांच्या कालालूत, गयानात डाळ-तांदळाच्या कुकप राइसमध्ये, ग्रेनाडात नीरफणस व नारळाच्या दुधाच्या ऑइलडाउनमध्ये. या सर्व पदार्थांत खारवलेल्या मांसाचे काम मिठासारखे, म्हणजे थोडक्यात पुष्कळांना चव देण्याचे असते. १८४५ साली फातेल रझाक जहाजातून त्रिनिदादला उतरलेल्या व त्यामागून आलेल्या गिरमिटियांपैकी, म्हणजे कराराने नेलेल्या भारतीय मजुरांपैकी, बहुतेक हिंदू वा मुसलमान असल्यामुळे या विशिष्ट पदार्थाशी त्यांचा संबंध बेताचाच राहिला. परंतु त्यांच्या परिचयाचे एक धान्य त्या बेटांवर त्यांच्याही आधी पोहोचले होते. त्याचा विचार पुढे येईल.

आता स्वगृहाकडे वळू. जालना मुलूख हा गोदावरीच्या उत्तरेचा, पूर्णा-दुधना-कुंडलिकेच्या खोऱ्यांचा कोरडा प्रदेश. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही चार महिन्यांत आटोपणारा. उरलेले आठ महिने ऊन व कोरडा वारा. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे मीठ बाहेरून येई. आगगाडी येण्यापूर्वी ते लमाणांच्या बैलांवरून घाट चढून आले. अशा ठिकाणी मांस टिकविण्याची जी रीत घडावी असे तर्काने वाटते, तीच येथे घडलेली दिसते. मराठवाड्यातील महार व मांग समाजांत मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापून, दोरीवर कडक उन्हात वाळवून, त्यांच्या चान्या करून ठेवण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. टंचाईच्या दिवसांत त्या निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात शिजवून खाल्ल्या जात. मांसाची पट्टी पातळ असल्यामुळे उन्हाने ती एकदोन दिवसांत बाहेरून कडक होते, आणि धुराची तजवीज करण्याचे कारणच उरत नाही.

ही विद्या दीर्घकाळ कागदावर आली नाही, कारण ती ज्यांच्या हाती होती त्यांच्या हाती दफ्तर नव्हते. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले, आणि शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची तपशीलवार नोंद केली. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या लेखनातून हेही स्पष्ट होते की, चान्या हा हौसेचा पदार्थ नव्हता. गावकीच्या व्यवस्थेने मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांच्यापुढे एकाच वेळी पुष्कळ मांस व पुढे पुष्कळ दिवस काहीच नाही अशी स्थिती वारंवार येई, आणि टिकविण्याची कला त्या विषमतेतून जन्मली. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, ते या व्यवस्थेलाच नाकारण्यासाठी. पुढे १९५६ च्या धर्मांतराने हा त्याग अधिक दृढ झाला, आणि २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीसही मनाई झाल्यामुळे चान्यांचे मूळ द्रव्यच दुर्मिळ झाले. एखादी कला लोप पावते तेव्हा हळहळण्याची आपली सवय असते. परंतु येथे कलेचा लोप हा अंशतः मुक्तीचा परिणाम आहे, हे आढावा घेणाऱ्याने विसरून चालणार नाही.

डुकराची कथा निराळी. मराठवाड्यात डुकरे पाळणे हे वडार, कैकाडी आदी समाजांकडे राहिले. बाकीच्या हिंदू समाजाने त्या जनावरास अस्पृश्यतेच्या त्याच रेषेपलीकडे ठेवले, आणि निजामाच्या राज्यातील कसब्यांत मुसलमान वस्ती मोठी असल्यामुळे त्याचा उघड व्यापार वाढण्यास वाव नव्हता. गावात मोकाट वाढलेले डुक्कर आकाराने बेताचे असते. ते कापले की वाटेकऱ्यांत त्याच दिवशी संपत असणार, असे मानणे वावगे ठरू नये. युरोपात थंडीच्या तोंडाशी दोन-अडीच क्विंटलांचे धष्टपुष्ट जनावर एकाच कुटुंबाने मारले म्हणजे साठवणीचा जो प्रश्न उभा राही, तो येथे उभाच राहिला नाही. परकी सैन्ये या भूमीवरून गेली. १८०३ च्या सप्टेंबरात केळणा व जुई यांच्या संगमाजवळ असईच्या रणात वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांशी झुंजली, आणि त्या काळच्या गोऱ्या पलटणींच्या शिध्यात खारवलेले मांसही असे. पण छावणीच्या अन्नाने गावच्या चुलीवर काही संस्कार केल्याचे दिसत नाही.

तात्पर्य, जालन्यात आज कोणी डुकराच्या मांसास धूर देऊ म्हणेल तर त्याच्या पाठीशी स्थानिक परंपरा नाही, आणि हवामानाची निकडही नाही. धूर त्याने स्वादासाठी उसना घ्यावयाचा आहे. ज्याचे टिकणे परंपरेने तपासलेले नाही, ते मोजमापाने तपासावे लागते. म्हणून या प्रश्नाचा जो भाग आरोग्याशी संबंधित आहे, त्यावर अधिक विस्ताराने बोलणे प्राप्त आहे.

सर्वांत मोठा धोका डुकराच्या फीतकृमीचा. उघड्यावरील विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या स्नायूंत या कृमीच्या, साबुदाण्याएवढ्या, पांढुरक्या पुटकुळ्या तयार होतात. असे मांस कच्चे राहिले तर खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, आणि त्या माणसाच्या विष्ठेतील अंडी अस्वच्छ हातांनी वा भाजीपाल्यावाटे कोणाच्याही पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन अपस्माराचे झटके येऊ शकतात. हा शेवटचा अनर्थ शाकाहारी माणसावरही ओढवतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून मोकाट डुकराचे मांस या कामी सर्वथा वर्ज्य समजावे. बंदिस्त गोठ्यात, धान्यावर वाढविलेल्या जनावराचे, पशुवैद्याने तपासलेले मांसच घ्यावे. शेतात धुमाकूळ घालणाऱ्या रानडुकराचा मोह कोणास पडेल, तर परवान्यावाचून त्याची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये गुन्हा आहे.

आता प्रत्यक्ष कृती. काळ मार्गशीर्ष ते माघ हाच, कारण तेव्हा रात्री गार व हवा कोरडी असते. तथापि मुरवणीचे आठ दिवस हवेवर न सोपविता, चार अंशांच्या खाली राहणाऱ्या शीतकपाटातच काढावेत. पोटाकडील चरबीदार मांसाचा तीन-चार सेंटिमीटर जाडीचा तुकडा घेऊन, दर किलोस पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ, दहा ग्रॅम गूळ, भरडलेले मिरे, आणि सव्वासहा टक्के नायट्राइट असलेले तयार मिश्रण अडीच ग्रॅम, असे काट्यावर तोलून चोळावे. हे मिश्रण अंदाजाने घालणे किंवा त्याच्या जागी बाजारातला शोरा वापरणे धोक्याचे आहे. सात-आठ दिवस रोज उलटून झाल्यावर तुकडा धुऊन, पुसून, रात्रभर शीतकपाटातच उघडा ठेवावा, म्हणजे वर किंचित चिकट कोरडी साय धरते आणि धूर तिच्यावर समान बसतो.

मांस न शिजविता तीस अंशांच्या खाली दिवसेंदिवस धूर देण्याची थंड रीत आपल्याकडे घरगुती पातळीवर टाळावी. दुपारी पौषातही पारा इतका चढतो की मांस तासन्‌तास जंतूंना अनुकूल अशा तापमानात पडून राहते. नव्वद ते एकशेदहा अंशांच्या गरम धुरात, तुकड्याच्या गाभ्याचे तापमान एकाहत्तर अंश होईपर्यंत, साधारणतः दोन-तीन तास ठेवावे, आणि तापमापक आत खोचून खात्री करून घ्यावी. या तापमानास फीतकृमीच्या पुटकुळ्याही निर्जीव होतात. भांडे म्हणून रंग वा जस्ताचा मुलामा नसलेले लोखंडी पिंप चालते. पोलादाच्या कारखान्यांनी प्रसिद्ध झालेल्या जालन्यात त्यावरची सळयांची जाळी करून घेणे ही काही अडचणीची बाब नाही. लाकडाच्या बाबतीतही हा जिल्हा भाग्यवान आहे. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि छाटणीत निघणाऱ्या तिच्या फांद्या, साल काढून व चांगल्या वाळवून घेतल्यास, सौम्य व किंचित गोड धूर देतात. पेरूचे लाकूड आणि भोकरदन-जाफराबादकडील मक्याची दाणे काढलेली कणसेही या कामी उत्तम. लिंबाचे, म्हणजे कडुनिंबाचे, लाकूड कडवट धुरामुळे आणि पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, फवारणीच्या अंशामुळे टाळाव्यात. तयार मांस शीतकपाटात आठवडाभर आणि गोठवून दोन-तीन महिने राहते. उन्हाळ्यात खुंटीला टांगून ठेवण्याचा हा पदार्थ नव्हे.

आता त्या धान्याकडे वळू, ज्याचा उल्लेख वर राखून ठेवला होता. तूर ही मूळची भारताची; येथून ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियन बेटांवर उतरली. जमैकात तिला गुंगो म्हणतात, प्वेर्तो रिकोत गांडुलेस; आणि दोन्हीकडे ती डाळ म्हणून न शिजता बहुधा हिरव्या दाण्यांच्या रूपात, नाताळच्या सुमारास, खारवलेल्या वा धुरावलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजते. जमैकाचे गुंगोचे सूप खारवलेल्या शेपटीवाचून पुरे होत नाही, आणि प्वेर्तो रिकोचा तुरीचा भात हा तेथील नाताळच्या पंगतीचा मानकरी आहे. इकडे जालन्यात कपाशी-सोयाबीनच्या ओळींतून तूर उभी असते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बी. डी. एन. ७११ व बी. एस. एम. आर. ७३६ सारखे वाण याच मातीत निर्माण केले. आणि हिरव्या शेंगा बाजारात येतात त्या नेमक्या त्याच थंडीच्या दिवसांत, जे मांस मुरविण्यासही अनुकूल आहेत. त्यामुळे या प्रयोगास साजेसा पदार्थ शोधण्यासाठी परदेशी डबे उघडण्याचे कारण नाही. धुरावलेल्या मांसाचे लहान तुकडे एकदा उकळून, ते पाणी टाकून, त्यांच्याच चरबीत कांदा, लसूण व हिरवी मिरची परतावी. थाइमच्या जागी ओव्याची पाने घ्यावीत, कारण थायमॉल हे सुगंधी द्रव्य दोहोंत असते. ऑलस्पाइसची उणीव लवंग, दालचिनी व जायफळ यांनी भरून काढावी. मग तुरीचे हिरवे सोले, तांदूळ व नारळाचे दूध घालून मंद आचेवर शिजवावे. अर्धा किलो तांदळास शंभर-सव्वाशे ग्रॅम मांस भरपूर होते, आणि मीठ शेवटी चाखूनच घालावे.

मांसाचे हे अल्प प्रमाण केवळ चवीचा हिशेब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसास निश्चित कर्ककारकांच्या वर्गात घातले असून, दररोज पन्नास ग्रॅम सेवनाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो असा तिचा निष्कर्ष आहे. धुरातील काही द्रव्येही निर्दोष नाहीत. तेव्हा हा रोजच्या जेवणाचा जिन्नस होऊ नये. दुसरी मर्यादा शेजारधर्माची. धूर कुंपण जाणत नाही, आणि जालन्याच्या दाट मोहल्ल्यांत शेजारी मुसलमान असेल, शाकाहारी असेल, अथवा ज्याच्या आजोबांनी मांस वाळविल्याबद्दल हेटाळणी सोसली असेल असाही असेल. म्हणून ही क्रिया वस्तीपासून दूर, शेतातल्या आखाड्यावर करणे हेच सभ्यपणाचे.

सर्व बाजू पाहता निर्णय असा देता येतो. घरी मांस खारवून धुरावणे जालन्यात शक्य आहे, ऋतू व लाकूड त्यास अनुकूल आहेत, आणि तुरीमुळे त्याचा मेळ येथील अन्नाशी सहज बसतो. परंतु ते सुरक्षित ठरते ते वजनकाटा, तापमापक व तपासलेले जनावर या तीन अटींवरच, आणि जुन्या रीतीचा हवाला देऊन यांपैकी एकही अट सैल करता येत नाही. या मुलखाची खरी जुनी रीत उन्हाची होती. तिचा अभ्यास करणाऱ्यापुढे अजून पुष्कळ काम शिल्लक आहे: चान्यांत मीठ किती पडे, पट्टी किती पातळ कापली जाई, कोणत्या महिन्यात त्या घातल्या जात, अंबड-परतूरकडची तऱ्हा भोकरदनकडच्या तऱ्हेहून वेगळी होती काय, हे ज्यांना आठवते अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. धुराचा प्रयोग पुढच्या थंडीतही करता येईल. ही नोंद मात्र त्यांच्या हयातीतच व्हावयास हवी, आणि ती त्यांच्या संमतीने, त्यांच्या शब्दांत व्हावी.